साडेदहाची जत गाडी

“आधीच सांगून ठेवतो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकीचाही विश्वास बसणार नाही. बसला, तर उद्यापासून हा वॉकर टाकून मी सायकलवर येईन.”

खोलीत हशा पिकला. मला तेच हवं होतं. बत्तीस वर्षं एसटी चालवली मी. गाडी पहिल्या गिअरमध्ये गुळगुळीत उचलली की पॅसेंजर निवांत होतात, मग पुढं खड्डे आले तरी कुणी काही म्हणत नाही.

खोली आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका गणपती मंडळाची. कोपऱ्यात ढोल रचलेले, भिंतीला गेल्या वर्षीच्या थर्माकोलच्या महालाचे खांब टेकवलेले, आणि मधल्या जागेत सतरंजीवर पस्तीसेक बायका. सगळ्या ब्यूरोच्या. घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की लोक ब्यूरोला फोन करतात आणि ब्यूरो बाई पाठवतं, त्या ह्या बाया. कुणी बारा तासांवर, कुणी चोवीस तासांवर. सभा दुपारी दोन ते चार ठेवलेली, कारण त्या वेळात पेशंट झोपतात. तरी प्रत्येकीचा फोन मांडीवर उताणा आणि एक डोळा फोनवर.

टेबलाशी वैजयंता गुरव. वीस वर्षं पेशंट उचलून उचलून कंबर गेलेली बाई. आता पोटाला पट्टा आवळून बसते आणि या सगळ्यांची संघटना चालवते. तिच्यापुढं अर्जाचे कागद होते, दुसऱ्या दिवशी कामगार ऑफिसात द्यायचे. आठवड्याला एक सुट्टी मिळावी. झोपायला खाट मिळावी. आणि सगळ्यात वर, लाल शाईनं: बाईच्या घरी अडचण आली तर चार तासांच्या आत बदलीची बाई ब्यूरोनं द्यावी, आणि नाही दिली तर निघून गेलेल्या बाईचं नाव ब्यूरोच्या यादीतनं काढू नये.

“आजोबा, सरळ सांगा हां,” वैजयंता म्हणाली. “बायांचं म्हणणं लिहून झालंय. पण ऑफिसातले म्हणतात, पेशंटच्या बाजूनं एक तरी माणूस पाहिजे. तुम्ही बोलाल ते मी जसंच्या तसं उतरून घेणार. खाली तुमची सही.”

“घे की. मी कुठं पळून चाललोय?”

“आणि मालनताई पण यायच्यात. मिरजेला आहेत सध्या, एका आजींकडं. त्यांची बदली तीनला येणार आहे. त्या आल्या की दोघांचं एकदमच घेऊ का?”

“नको, नको. तिला कशाला समोर बसवून रडवायचं? ती येईतो मी उरकतो.”

भिंतीवरच्या घड्याळात दोन वीस झाले होते. तेवढ्या वेळात मी अख्खा आंबा घाट उतरवलाय.

“उलटा उतरवलाय म्हणा की!” मागनं हसीना ओरडली. मुजावरांची हसीना, तिनं माझं हे आधी ऐकलेलं. “रिव्हर्समधी!”

“अकरा किलोमीटर. आरशात बघून. आणि एकाही पॅसेंजरची झोप मोडली नाही. विचार साखरप्याच्या कंट्रोलरला.”

“त्यो हाय का जिता?”

“नाही, म्हणून तर विचार म्हणतोय.”

वैजयंतानं पेनाचं टोपण टेबलावर वाजवलं. “आजोबा, घाट पुरे. मालनताईंचं सांगा.”

मग मी सांगायला लागलो.

आठ वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये पडलो. उजवा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, पण पाय माझं ऐकेना. बायको आधीच गेलेली. मुलगा हैदराबादहून आला, आठ दिवस राहिला, ब्यूरोला फोन केला आणि परत गेला. त्याला मी बोल लावत नाही. त्याचीही ड्यूटी होती.

ब्यूरोनं पहिल्यांदा एक बाप्या पाठवला. चांगला होता गरीब. अकराव्या दिवशी त्याच्या गावाकडनं फोन आला, भावाला साप चावला. त्यानं ब्यूरोच्या मॅडमना बदली मागितली. मॅडम म्हणाल्या, थांब, बघते. तो तासभर थांबला. मग माझ्या पायाला हात लावला आणि गेला. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

“मी पाठीवर,” मी बायांना म्हणालो. “तांब्या दोन हात लांब, आणि माझा हात एकच हात लांब. दीड वाजता अंथरूण ओलं झालं. तीनला परत. आणि ते नुसतं पाणी नव्हतं. माश्या आल्या. खाली इस्त्रीवाल्याच्या टपरीवर रेडिओ चालू होता, सगळी गाणी ऐकू येत होती. मी हाका मारल्या. मग हाका मारायच्या बंद केल्या.”

“का वो?” पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली.

“कुणी आलं असतं तर त्यानं मला तसं बघितलं असतं.”

कुणी हसलं नाही. त्या बायांना यात नवं काही नव्हतं. वैजयंता भराभर लिहीत होती.

“हे लिही,” मी म्हणालो. “बदली नसली की नुसती बाई अडकत नाही, पेशंटपण अडकतो. त्या दिवसानंतर घरात कुणी चपला घातल्याचा आवाज आला तरी मी ‘कुठं चाललात?’ म्हणून ओरडायचो.”

साडेसहाला दार वाजलं. नवी बाई आली. उंच, काळीसावळी, पंचेचाळिशीची, हातात कापडी पिशवी. नाकाला पदर लावला नाही. आधी दोन्ही खिडक्या उघडल्या, मग पदर खोचला आणि पलंगाशी आली.

“अण्णा, मी मालन लोखंडे. जतकडची. आता तुम्हाला कुशीवर घेते. मला शिव्या द्या.”

“शिव्या कशाला?”

“शिव्या देताना माणूस श्वास कोंडून धरत नाही. कमी दुखतं.”

मी दिल्या. एसटीत शिकलेल्या सगळ्या दिल्या, डेपो मॅनेजरसाठी राखून ठेवलेल्याही दिल्या. तोवर तिनं मला पुसून, कोरडं करून, नवीन चादरीवर आणलं होतं.

“एवढ्याच?” ती म्हणाली. “आमच्या गावातली पोरं बऱ्या देतात.”

सतरंजीवर हसू फुटलं. “मालनताईच ती!” कुणीतरी म्हणालं.

मालन चोवीस तासांवर होती. झोपायची ती फ्रिज आणि बाथरूमच्या दाराच्या मधल्या पट्टीत, चटईवर. दार उघडायचं तर तिला पाय आखडून घ्यावे लागत. फ्रिजच्या मागची गरम हवा रात्रभर तिच्या डोक्यावर. दर दोन तासांनी उठून मला कुशीवर वळवायचं. दुपारी मी झोपलो की ती जेवायची, ओट्याशी उभी राहून. आतल्या खोलीत बायकोचा पलंग रिकामा होता. त्यावर मुलगा आला तर म्हणून गादी घालून ठेवलेली. फोन चार्ज करायला तिला माझ्या पलंगामागचा एकच प्लग. मुलानं जाताना तसं सांगून ठेवलेलं, आणि मी ते बदललं नाही.

“हे पण लिहू?” वैजयंतानं मान वर न करता विचारलं.

“लिही. मी बदललं नाही, हे पण लिही.”

मालनला एकच मुलगी, रेश्मा. नवरा लवकर गेला, हिनं एकटीनं वाढवली, लग्न करून दिलं, आणि त्या वर्षी रेश्मा पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात पोरगी रीतीप्रमाणं माहेरी आली, पण माहेरात आई नाही. आई सांगलीत माझ्या उशाशी. जतच्या पलीकडं एक वाडी आहे, तिथं दोन खोल्यांच्या घरात पोरगी एकटी, शेजारणीच्या जिवावर.

रोज संध्याकाळी मालन फोनवर तिला विचारायची. पाय सुजलेत का? पोरगं हलतंय का? किती वेळा हललं, मोज. मला चमच्यानं वरणभात भरवत विचारायची. एक घास मला, एक प्रश्न तिला. मीही ऐकायचो. चार महिने ती घरी गेली नव्हती आणि त्या पोरीच्या पोटात काय चाललंय ते मला माझ्या सुनेच्या वेळी माहीत नव्हतं इतकं माहीत झालं होतं.

डॉक्टरांनी पंचवीस एप्रिल तारीख दिलेली. मालननं अठरापासून रजा ठरवून ठेवली होती. मॅडमना दोनदा आठवण दिलेली. वाडीतल्या जीपवाल्याला सांगून ठेवलेलं. आणि पोरीला पक्कं बजावलेलं, “कळ आली की आधी मला फोन. मी सांगीन तसंच करायचं. तुझ्या मनानं काही नाही.”

“आणि कळ आली नऊ तारखेला,” मी म्हणालो.

“बाई गं,” पुढची म्हातारी म्हणाली.

इथं मी नेहमी पाणी पितो. प्यालो. ग्लास खाली ठेवताना दाराशी हालचाल दिसली आणि माझा हात थबकला. पण ती मालन नव्हती. एक तरुण बाई होती, अठ्ठावीस-तिशीची, खांद्याला काळी बॅग, उन्हातनं आल्यानं तोंड लाल झालेलं. चपलांच्या ढिगाशीच उभी राहिली. वैजयंतानं बस म्हणून खूण केली, पण ती बसली नाही. घड्याळात पावणेतीन. मी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली.

“मंगळवार. सकाळचे दहा. मालन बाथरूममध्ये माझ्या चादरी धूत होती, नळ फुल सोडलेला. तिचा फोन माझ्या उशाशी चार्जिंगला. वाजला. मीच उचलला.”

“रेश्मा का?”

“रेश्माच. ‘आजोबा, आईला द्या, माझ्या पोटात दुखायला लागलंय.’ मी म्हणालो, ‘पोरी, अजिबात घाबरू नको. साडेदहाची सांगली-जत आहे. तीत तुझी आई बसते. एक पन्नासला तुमच्या फाट्यावर.’ वेळ मला बघावी लागली नाही. त्या रूटवर मी सहा वर्षं होतो. झोपेतनं उठवून विचारा.”

“मग?”

“मग काय? फोन ठेवला आणि मारली हाक. अशी मारली, की समोरच्या बिल्डिंगमधल्या तीन बाया साबणाच्या हातानं गॅलरीत आल्या. मालन धावत आली. कोपरापर्यंत फेस. मी म्हणालो, ‘मालन, पोरगी बसलीय कळा देत. नीघ.’”

फोनवरचे डोळेही माझ्याकडं वळले. हा भाग मला चांगला जमतो.

“ती म्हणाली, ‘अण्णा, बदली?’

मी म्हणालो, ‘खड्ड्यात गेली बदली.’

‘मॅडम नाव काढतील माझं.’

‘काढू दे. कार्ड आण तुझं.’ ब्यूरोचं हजेरीचं कार्ड असतं, तुम्हाला ठाऊक आहे, पेशंटच्या घरची सही असल्याशिवाय बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. मी झोपल्या झोपल्या सही ठोकली. एवढी मोठी, की कार्डाच्या बाहेर गेली.

तरी हलेना. म्हणाली, ‘तुमचं दुपारचं कसं?’

‘बघतो मी.’

‘काय बघताय? तुम्हाला कुशीवर वळता येत नाही.’

‘आज वळतो.’

मग तिनं तांब्या जवळ आणला. भांडं जवळ आणलं. पावाची दोन पाकिटं छातीवर ठेवली. दारापर्यंत गेली, परत आली, चादर सारखी केली. मी ओरडलो, ‘अगं मालन, गाडी काय तुझ्या मामाची आहे का? जा!’ आणि ती गेली. जिन्यावरनं तिच्या चपलांचा आवाज खाली खाली गेला, आणि मला बघा, जरासुद्धा भीती वाटली नाही.”

पुढच्या म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. वैजयंतानं लिहायचं थांबवलं होतं, ऐकतच राहिली होती. मग भानावर येऊन तिनं ओळी भरून काढल्या. हसीना गुडघ्यावर हनुवटी ठेवून माझ्याकडं बघत होती. एवढ्या बाया, आणि एकीलाही असं कुणी कधी म्हणालं नसेल, की जा.

“आता पुढचं ऐका, यावरच विश्वास बसणार नाही. मी एकटा. बदली आली दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला. म्हणजे सत्तावीस तास. दोन वाजता पाठ पेटायला लागली. वळायला पाहिजे. वळवणार कोण? तेवढ्यात गॅलरीतनं धप्प आवाज. बघतो तर वानर.”

“विश्रामबागेत?”

“आमराईतनं आलेलं. एवढं थोरलं. आलं, पलंगावर बसलं, पाव खाल्ला. मी म्हणालो, ‘बाबा रे, पाव घे, पण जरा हातभार लाव.’ त्यानं माझ्याकडं बघितलं. खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली एक हात घातला, अगदी मालन घालते तसा, आणि मला कुशीवर घेतलं.”

आता खोली फुटली. कुणी कुणाच्या पाठीत बुक्की घातली, कुणाचा फोन मांडीवरनं घसरला.

“मागच्या टायमाला माकड होतं!” हसीना ओरडली.

“तेच मोठं झालं.”

“मंग ब्यूरोत लावा की त्याला! खाट मागायचं नाही का सुट्टी मागायचं नाही!”

“मॅडम घेतील गं,” दुसरी म्हणाली. “पण म्हणतील, चोवीस तासांवरच पाहिजे.”

खरं तर पहिल्यांदा मी ही हकिकत सांगितली तेव्हा वानर नव्हतं. वरच्या मजल्यावरचा पोस्टमन होता. पण पोस्टमनवर कुणी विश्वास ठेवेना.

“अन् तिकडं?” पुढच्या म्हातारीला हसू आलं नव्हतं. “पोरीचं काय झालं?”

“तिकडं गाडी एक पंचेचाळीसला फाट्यावर. पाच मिनिटं आधीच, कारण ड्रायव्हर माझा चेला. मालन उतरली, पोरीला जीपमध्ये घातली, अडीचला जतचा दवाखाना, तीन वीसला मुलगा. साडेतीन किलो. आता दुसरीत आहे. मला डायव्हर आजा म्हणतो. बाराव्या दिवशी मालन परत आली. पुढं अडीच वर्षं राहिली. हा मी तुमच्यापुढं वॉकरवर उभा राहतो ना, हा तिनं उभा केलेला आहे. रोज सकाळी बगलेत हात घालून, ‘चला अण्णा, गाडी सुटली’ म्हणत.”

मी वैजयंताकडं वळलो.

“लिही. एका म्हाताऱ्यानं सत्तावीस तास कळ काढली म्हणून एका पोरीचं आणि तिच्या लेकराचं वाचलं. दर वेळी असा म्हातारा भेटेलच असं नाही. म्हणून बदली द्या. संपलं.”

टाळ्या वाजल्या. पुढच्या म्हातारीनं हात जोडले. वैजयंतानं शेवटची ओळ ओढली, कागद माझ्याकडं फिरवला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. घड्याळात तीनला पाच कमी. मी पेन घेतलं.

“खोटंय हे.”

आवाज मोठा नव्हता. चपलांच्या ढिगापाशी उभी असलेली ती बाई बोलली होती. सगळ्या बाया तिच्याकडं वळल्या.

“वानर होय?” हसीना हसत म्हणाली. “ते आमाला बी कळतंय गं, बस खाली.”

“वानर नाही. हाक.”

“तू कोण गं?” वैजयंतानं विचारलं.

“रेश्मा. मालन लोखंडेची मुलगी. आईची बदली आलीच नाही. ती म्हणाली तू जा, आणि काय विचारतील ते सांग.”

तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होतो. आवाज पहिल्यांदा नव्हता.

“हे ऑफिसात देऊ नका, ताई. यांनी हाक मारलीच नाही.” ती वैजयंताशी बोलत होती, माझ्याकडं बघत नव्हती. “मी म्हटलं, आईला द्या. हे म्हणाले, आई निघाली पण. मी म्हटलं, तिला कसं कळलं? तर म्हणाले, आईला सगळं कळतं. साडेदहाच्या गाडीत बसली ती, एक पन्नासला फाट्यावर उतरते, तोवर जागची हलू नको, रस्ता खराब आहे. इतकं खात्रीनं सांगितलं, मिनिटासकट. मी हलले नाही. शेजारच्या काकू जीप बोलावते म्हणत होत्या. मी म्हटलं, नको, आई येतीय. बाराला म्हणाल्या, एकला म्हणाल्या. मी म्हटलं, आता थोडंच राहिलंय. आमच्या दारातनं फाटा दिसतो. मी चौकटीला धरून उभी होते. गाडी वेळेवर आली. दोन बाप्ये उतरले आणि गाडी गेली.”

पेन माझ्या बोटांत होतं. ते खाली ठेवावं की नाही, मला कळेना.

“परत फोन लावला तर बंद. मग काकूंनी ब्यूरोला लावला. मॅडम म्हणाल्या, आधी बदली बघते, मग तिला सांगते. सांगितलं साडेपाचला, बदलीच्या बाईच्या तोंडनं. तोवर मला जीपनं नेलेलं. डॉक्टर म्हणाले, दुपारी का नाही आणली? मुलगी झाली. रडली नाही.”

कुणाचा तरी फोन वाजला आणि तिनं तो घाईघाईनं दाबून बंद केला. पेशंट उठला असणार. तरी ती बाई जागची उठली नाही.

“मालनताईला हे ठाऊक आहे?” वैजयंतानं विचारलं. विचारताना ती माझ्याकडं बघत होती.

“त्याच दिवशी सांगितलं मी तिला. दवाखान्यातच.”

“आणि तरी ती परत…”

“बाराव्या दिवशी. लई भांडले मी. पिशवी काढून घेतली तिची. ती म्हणाली, ‘ते माणूस वाईट नाही गं. त्यांना एकटं पडायची भीती वाटते.’”

मग पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं.

“मला वाटत नसंल का, आजोबा?”